लोकांच्या वाहनातून इतिहासाकडे

प्राचीन स्थळे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत आपण सहलीच्या आरामशीर गाडीत बसतो, मार्गदर्शक दाखवील तेवढे पाहतो आणि दिवस मावळण्यापूर्वी तीन-चार स्थळे उरकून परततो. दुसऱ्या रीतीत त्या प्रदेशातील माणसे ज्या गाडीने रोज बाजारहाटाला जातात, त्याच गाडीने आपणही जातो आणि एका दिवशी एकच ठिकाण पाहतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात इंका संस्कृतीचे अवशेष पाहू इच्छिणाऱ्याने, प्रकृती आणि सवड असल्यास, ही दुसरी रीत पत्करावी, असे माझे मत आहे.

अँडीज पर्वतातील कुस्को हे नगर इंकांची राजधानी होते. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे. पंधराव्या शतकात इंकांचे राज्य येथून दूरवर पसरले. १५३३ मध्ये स्पॅनिश फौजेने हे नगर घेतले. इंकांजवळ लोखंड नव्हते, चाकाची गाडी नव्हती आणि आपण जिला लिपी म्हणतो तशी लिपीही नव्हती. हिशेब ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवीत. तरीही त्यांच्या काळात सुमारे ३०,००० किलोमीटर रस्त्यांचे जाळे उभे राहिले. त्यावर ठिकठिकाणी 'तांबो' नावाचे मुक्काम असत आणि धावपटू एकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोहोचवीत. आज सहा देशांत विखुरलेल्या या मार्गाला २०१४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इंकांचे कोणतेही स्थळ अशा रस्त्यांनी इतरांशी जोडलेले होते. म्हणून दोन स्थळांच्या मधला प्रदेश पाहिल्यावाचून त्या स्थळांचा अर्थ पुरता उमगत नाही.

हा मधला प्रदेश दाखवते ती तेथील 'कोलेक्तिवो' ही सामायिक गाडी. पश्चिम महाराष्ट्रात जिला 'वडाप' म्हणतात, तिचीच ही बहीण. प्रवासी भरले की ती निघते आणि वाटेत हात दाखवला की थांबते. कुस्कोहून पिसाक गावी ती सुमारे तासाभरात पोहोचते. शेजारच्या प्रवाशाच्या पोत्यात बटाटे असू शकतात. आपल्या स्वयंपाकघरात इतका रुळलेला बटाटा मूळचा याच पर्वतातला, हे तेव्हा ध्यानात येते. मग पिसाकच्या डोंगरउतारावरील दगडी बांधांची पायरीशेती केवळ सुंदर देखावा राहत नाही. उतारावरची माती धरून ठेवून अन्न पिकवण्याची ती युक्ती आहे, हे समजते.

ओयांतायतांबो येथे तर हा फरक अधिकच जाणवतो. घाईच्या सहलीतील प्रवासी उंच पायऱ्या चढून मंदिराच्या प्रचंड शिळा पाहतात आणि पुढच्या स्थळाकडे निघतात. या शिळा नदीपलीकडच्या डोंगरातील खाणीतून आणलेल्या आहेत. १५३७ मध्ये मांको इंकाने स्पॅनिश सैन्याला येथूनच माघार घ्यावयास लावले. परंतु पायथ्याचे गाव पाहावयास वेळ कोणाजवळ असतो? इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्यांत आजही लोक राहतात आणि गल्लीच्या कडेने दगडी पाटाचे पाणी खळाळत असते. ज्याला परतीच्या गाडीची घाई नाही, त्यालाच हे वाहते पाणी दिसते. कुस्कोहून उर्कोसकडे जाणाऱ्या बसने तिपोनच्या फाट्यावर उतरून वर चढणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. तेथील झऱ्याचे पाणी इंकांनी बांधलेल्या पाटांतून आजही शेतांच्या पायऱ्यांवरून उतरते.

याला आणखी एक बाजू आहे. गाडीचे भाडे, गावच्या खाणावळीतील जेवण, फाट्यापासून केलेली टॅक्सी यांचे पैसे थेट त्या गावच्या माणसाच्या हाती पडतात. या परिसरातील अनेक माणसे केचुआ भाषा बोलतात. इंकांच्या राज्यकारभाराची हीच भाषा पेरूने १९७५ मध्ये राजभाषा म्हणून मान्य केली. ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड घडवले, ती माणसे प्रवाशाला केवळ छायाचित्रापुरती भेटावीत, हे उचित नाही. एका बाकावर बसून केलेला तासाभराचा प्रवास हे अंतर थोडेतरी कमी करतो.

या मताला आक्षेप घेता येतील. वृद्धांना व आजाऱ्यांना अशी दगदग झेपणार नाही. विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालाही होतो. म्हणून पहिले एक-दोन दिवस विश्रांती घेणे आवश्यक आहे. अवशेषांवर शिलालेख नसल्याने जाणकाराविना ते मुके वाटतात, हेही खरे. त्यासाठी आधी वाचन करावे व शक्य तेथे स्थानिक मार्गदर्शक घ्यावा. प्रत्येक ठिकाण या रीतीने साधतेच असे नाही. मोरायची वर्तुळाकार शेती पाहावयाची तर मारासच्या फाट्यापासून वेगळे वाहन करावे लागते. माचू पिच्चूच्या पायथ्याच्या गावापर्यंत कुस्कोहून थेट मोटाररस्ताच नाही. रेल्वे किंवा पायवाट हेच मार्ग उरतात आणि प्रवेशाची परवानगीही आधी काढावी लागते. संध्याकाळची शेवटची गाडी कोणती, हे तर सकाळीच विचारून ठेवावे.

या अडचणी खऱ्या असल्या तरी त्या पूर्वतयारीने बऱ्याच अंशी दूर होतात. घाईने हुकलेले मात्र पूर्वतयारीने भरून निघत नाही. दिवसात चार स्थळे पाहणाऱ्याच्या संग्रही छायाचित्रे अधिक जमतील, पण बांध कशासाठी घातला आणि पाणी कोठून आले, हे प्रश्न त्याला पडतीलच असे नाही. असे प्रश्न पडण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. भरलेल्या गाडीत जागा करून घेणे, अनोळखी माणसाला वाट विचारणे आणि मिळालेले उत्तर लक्षपूर्वक ऐकणे ज्याला जमते, त्याच्याजवळ इतिहासाकडे जाण्याची पुरेशी शिदोरी असते.