गोळी सुरू, रक्तदाब मात्र चढाच

उच्च रक्तदाब दुखत नाही, हीच या विकाराची खरी अडचण आहे. ताप चढला की माणूस दवाखाना गाठतो, दात दुखू लागला की कामावर दांडी मारतो; पण रक्तदाब १६०च्या पुढे गेला तरी भाईंदरचा नोकरदार नेहमीची लोकल पकडतो, चर्चगेटला उतरतो, दिवसभर काम करतो आणि रात्री घरी परततो. वर्षानुवर्षे हे असेच चालते. मग एखाद्या सकाळी अर्धे अंग लुळे पडते, हृदयविकाराचा झटका येतो किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान होते. घरातील कमावत्या माणसाला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवले, तर ते कुटुंब एका पिढीने मागे जाते. यातील मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे आणि तो टाळणारी गोळी रोजच्या चहाहून स्वस्त आहे. मग अडते कोठे?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर 'लोक तपासूनच घेत नाहीत' असे दिले जाते. ते खोटे नाही. तथापि अपुरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये उच्च रक्तदाबावरील आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. यांपैकी प्रत्येक शंभरांत ३७ जणांचे निदान झालेले आहे, ३० जण उपचार घेतात आणि अवघ्या १५ जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली म्हणजे नियंत्रणात आहे. निदान न झालेल्या ६३ जणांविषयी बोलणे आवश्यकच आहे. मात्र उपचार घेणाऱ्या ३० जणांपैकी निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात का येत नाही, हा प्रश्न त्याहून अधिक बोचरा आहे. हे लोक डॉक्टरपर्यंत पोहोचलेले आहेत. त्यांच्या खिशात चिठ्ठी आहे, घरात गोळ्यांचे पाकीट आहे. तरीही ते तितक्याच धोक्यात आहेत. रुग्ण दारात येऊनही आरोग्ययंत्रणा अपुरी पडते, तेव्हा केवळ रुग्णाच्या अज्ञानाला दोष देता येत नाही.

या अपयशाची पहिली पायरी रक्तदाब मोजण्यातच आहे. रुग्ण जिना चढून येतो, लगेच स्टुलावर बसतो, हात लोंबकळत ठेवतो. सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि मोजणी सुरू असताना 'काय त्रास होतो?' अशी विचारपूसही चालते. शास्त्र याच्या नेमके उलट सांगते. मोजणीपूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला आधार, पावले जमिनीवर टेकलेली, दंड उघडा व हृदयाच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा आणि तोंड बंद, ही त्याची साधी पथ्ये आहेत. अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळायला हवी, मूत्राशय रिकामे हवे आणि किमान दोनदा मोजायला हवे. यांतील एखादे पथ्य मोडले तरी दहा अंकांचा फरक सहज पडतो. शिवाय हाताने नोंदवलेल्या वह्या चाळल्या, तर बहुतेक आकडे १२०, १३०, १४० असे शून्यावर संपणारे दिसतात. माणसाचे शरीर इतके हिशेबी नसते. मोजणाराच आकडा जवळच्या दहाकाला नेऊन बसवत असतो. उपचाराचा निर्णय ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडाच असा डळमळीत असेल तर पुढचे सारे डळमळीतच होणार.

दुसरी पायरी उपचारांतील जडत्वाची. रुग्ण महिन्याने पुन्हा येतो, रक्तदाब १५४ भरतो. डॉक्टर म्हणतात, 'थोडा वाढलाय, मीठ कमी करा, तीच गोळी चालू ठेवा.' पुढच्या महिन्यात तो १५२ असतो आणि तोच संवाद पुन्हा होतो. औषध बदलायचे नाही, वाढवायचे नाही आणि दुसरे जोडायचेही नाही. यामागे दुष्टपणा नसतो. गर्दी असते, रुग्णाला चक्कर येईल ही भीती असते, आजचा आकडा धावपळीमुळे वाढला असेल ही शंका असते आणि 'दोन गोळ्या म्हणजे आजार वाढला' अशी रुग्णाची समजूतही असते. पण चाळिशी ते सत्तरी या वयात वरच्या आकड्यातील प्रत्येक २० अंकांच्या वाढीबरोबर हृदयविकाराने व पक्षाघाताने मृत्यूची जोखीम सुमारे दुपटीने वाढते. त्यामुळे 'थोडा वाढलाय' हा शब्दप्रयोग वाटतो तितका निरुपद्रवी नाही. बहुतेकांना नियंत्रणासाठी एकाहून अधिक औषधे लागतात. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातील औषध जोडणे अधिक परिणामकारक ठरते, हेही आता सुस्थापित आहे.

डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणाला महत्त्व आहे ते या दोन पायऱ्यांसाठी. केंद्र सरकारला हे उमगलेले नाही असे म्हणता येणार नाही. १७ मे २०२३ रोजी, जागतिक उच्च रक्तदाब दिनी, केंद्राने २०२५ पर्यंत उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्याच वेळी प्राथमिक आरोग्यसेवेतील ४० हजार वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याच्या उद्देशाने 'सशक्त' हे संकेतस्थळही सुरू झाले. दिशा योग्यच होती. परंतु 'उपचारांखाली आणणे' आणि 'नियंत्रणात आणणे' यांत अंतर आहे. पहिल्याची मोजदाद नोंदणीवहीत होते, दुसऱ्याची रुग्णाच्या दंडावर. प्रशिक्षणाचेही तसेच. किती जणांनी प्रमाणपत्र घेतले हे सहज मोजता येते. त्यांच्या किती रुग्णांचा दाब उतरला, हे मोजण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

ही तसदी घेतली तर काय घडते, याचा दाखला अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात मिळतो. तेथील कैझर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या रुग्णांमध्ये २००१ साली रक्तदाब नियंत्रणाचे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. २००९ पर्यंत ते ८० टक्क्यांवर गेले. यासाठी कोणतेही नवे जादूचे औषध आले नव्हते. संस्थेने सर्व रुग्णांची एक नोंदवही केली, सर्व डॉक्टरांसाठी एकच सोपी उपचारपद्धती ठरवली, दोन औषधे एकत्र असलेली गोळी वापरात आणली, रक्तदाब मोजण्यासाठी डॉक्टरची वेळ न घेता साहाय्यकांकडे येण्याची सोय केली आणि प्रत्येक केंद्राला त्याचा निकाल नियमितपणे दाखवला.

श्रीमंत देशातील पैसेवाल्या संस्थेचा हा दाखला आपल्याकडे कसा लागू पडणार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस 'भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम' हाती घेतला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा यांचा समावेश होता. उपक्रमाची सूत्रे कैझरच्याच वळणाची होती: टप्प्याटप्प्याने लिहून दिलेली एकच उपचारपद्धती, त्यातील मोजक्या औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरसोबत परिचारिका व आरोग्यसेविकांना वाटून दिलेली कामे, घराजवळच्या केंद्रावर औषध आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. अ‍ॅम्लोडिपिनपासून आरंभ करायचा, महिन्याने दाब उतरला नसेल तर पुढच्या टप्प्यावर जायचे. निर्णय मनावर सोडायचा नाही, तक्त्याप्रमाणे घ्यायचा. मात्र गर्भवतीला टेल्मिसार्टनसारखी औषधे द्यायची नाहीत, हेही त्याच प्रशिक्षणात शिकवावे लागते. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो २३ राज्यांतील १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला होता.

याच उपक्रमाने एक कटू सत्यही समोर आणले. महाराष्ट्रासह चार राज्यांतील सुरुवातीच्या केंद्रांत नोंदलेल्या सुमारे २२ हजार रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. जे पाठपुराव्याला परत आले त्यांच्यात नियंत्रणाचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास गेले. पण परत आले जेमतेम निम्मेच. म्हणजे प्रशिक्षित डॉक्टर, लिहून दिलेली पद्धती आणि मोफत औषध या तिन्ही गोष्टी असूनही समोर रुग्णच नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. तेव्हा प्रशिक्षणाने डॉक्टरला औषध वाढवायला शिकवावे आणि केंद्रातील सेविकेला न आलेल्या रुग्णाचा शोध घ्यायलाही शिकवावे. दुसरे काम पहिल्याइतकेच वैद्यकीय आहे.

जिल्ह्यांतील हा अनुभव महानगराच्या कुशीतील शहरात आणताना प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो आणि मीरा-भाईंदर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. शेती, मासेमारी आणि मिठागरांवर जगणाऱ्या गावांची १९८५ मध्ये नगर परिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. शेजारच्या मुंबईत २०२१ मध्ये महापालिका व जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातील सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला होता. रोज त्याच मुंबईत कामाला जाणाऱ्या मीरा-भाईंदरकरांची स्थिती फार वेगळी असेल, असे मानण्यास जागा नाही.

या शहरात उपचार घेणारा माणूस कोण, हे प्रशिक्षण आखणाऱ्यांनी आधी पाहायला हवे. चाकरमानी सकाळी घर सोडतो आणि रात्री परततो. सरकारी केंद्राच्या वेळेत तो शहरात नसतोच. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यांतील कामगाराचा खाडा म्हणजे दिवसाची मजुरी. परिणामी दोघेही रात्री उघडा असलेला गल्लीतील खासगी दवाखाना गाठतात. शहरी महाराष्ट्रात बहुसंख्य कुटुंबांचा पहिला डॉक्टर खासगीच असतो आणि अशा दवाखान्यांत आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत. प्रशिक्षण मात्र प्रामुख्याने सरकारी सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांपुरते राहते. ज्यांच्याकडे रुग्ण जातो त्यांना वगळून ज्यांच्याकडे तो जात नाही त्यांनाच शिकवण्याचा हा प्रकार आहे. खासगी डॉक्टरांना सोबत घेणे अशक्य नाही. क्षयरोगासाठी खासगी डॉक्टरांना जोडून घेण्याची जी रीत मुंबईत विकसित झाली होती, तीच २०१९-२० मध्ये उच्च रक्तदाबासाठी वापरून पाहण्यात आली. मीरा-भाईंदरला धडा शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

सल्ल्याचेही प्रशिक्षण लागते. 'मीठ कमी खा' हे वाक्य सर्वांना सारखेच सांगून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमची. भारतीय माणूस सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. पण ते येते कोठून? उत्तनच्या कोळीवाड्यात ते सुक्या बोंबलातून येते, भाईंदर पश्चिमेच्या गुजराती-मारवाडी घरात पापड, लोणची व फरसाणातून, तर स्थानकाबाहेर घाईत खाल्लेल्या वडापावातून सर्वांच्याच पोटात जाते. कोणत्या घरात काय शिजते हे ठाऊक असलेली आशासेविका येथे तज्ज्ञाहून अधिक उपयोगी ठरते. गणपतीला पंधरा दिवस सिंधुदुर्गात जाणाऱ्या कुटुंबाला गोळ्या जास्त दिवसांच्या बांधून द्याव्यात, हेही तिलाच आधी सुचेल. तिला प्रशिक्षणातून वगळणे म्हणजे यंत्रणेचे डोळेच झाकणे.

या मांडणीवर एक आक्षेप घेतला जाईल. दोन मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने पाच मिनिटे शांत बसवण्याची चैन कोठून करावी? आक्षेप प्रामाणिक आहे; पण तो मुळात काम वाटून देण्याच्या बाजूनेच जातो. मोजणी परिचारिकेने करावी, रुग्ण रांगेत बसलेला असतानाच ती पाच मिनिटे सरावीत आणि डॉक्टरने फक्त निर्णय घ्यावा. दुसरा धोका उलट बाजूचा आहे. आकडा उतरवण्याच्या ईर्षेने वयोवृद्धांना औषधांचा मारा झाला, तर चक्कर येऊन पडण्याचे प्रकार वाढतील. त्यांचा दाब उभे करूनही मोजावा आणि औषध सावकाश वाढवावे, हे प्रशिक्षणाचाच भाग असायला हवे.

महानगरपालिकेच्या आवाक्यातील गोष्टी यातून स्पष्ट होतात. पालिकेच्या आरोग्य केंद्रांतील व भाईंदर पश्चिमेच्या शासकीय पंडित भीमसेन जोशी रुग्णालयातील रुग्णांसाठी एकच उपचारतक्ता भिंतीवर लागावा. आठवड्यातून काही दिवस केंद्रे रात्री उघडी राहावीत. डॉक्टरांच्या स्थानिक संघटनांमार्फत खासगी दवाखान्यांना तोच तक्ता, प्रमाणित यंत्र व प्रशिक्षण मिळावे. औषधांचा साठा एक दिवसही खंडित होऊ नये, कारण रिकाम्या हाताने परत गेलेला रुग्ण पुन्हा येईलच याची शाश्वती नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक केंद्राने दर तिमाहीला दोन आकडे जाहीर करावेत: नोंदलेल्या रुग्णांपैकी किती परत आले आणि किती जणांचा दाब १४०/९०च्या खाली आला.

प्रशिक्षणाचे वर्ग भरवणे, दीपप्रज्वलन करणे आणि प्रमाणपत्रे वाटणे याचा सराव शासकीय यंत्रणेला पुरेसा आहे. प्रशिक्षणाची परीक्षा मात्र त्या सभागृहात होत नाही. ती होते महिन्याभराने, जेव्हा १५४ आकडा घेऊन तोच रुग्ण पुन्हा समोर बसतो आणि डॉक्टर 'तीच गोळी चालू ठेवा' असे लिहिण्याऐवजी तक्त्यावरील पुढच्या टप्प्याकडे बोट नेतो. त्या एका कृतीवर कित्येक घरांतील कमावत्या माणसाचे चालते-बोलते राहणे अवलंबून आहे.