वर्षातली ‘बेस्ट’ कादंबरी ठरते कशी? ह्यूगो पुरस्काराचं गणित

सायन्स फिक्शन आणि फँटसीतला सगळ्यात गाजलेला पुरस्कार म्हणजे ह्यूगो. २०२५ च्या ह्यूगोसाठी सहा कादंबऱ्या अंतिम यादीत होत्या, सगळ्या २०२४ मध्ये आलेल्या. त्यातल्या मला आवडलेल्या तीन, माझ्या क्रमाने:

१. सर्व्हिस मॉडेल (एड्रियन चायकोव्स्की): घरकाम करणारा रोबो दाढी करताना मालकाचा गळा कापतो. का, ते त्यालाच कळत नाही! दिवसभर कोडमधले बग शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे पुस्तक खाली ठेववेना.

२. द टेंटेड कप (रॉबर्ट जॅक्सन बेनेट): फँटसी साम्राज्यातली खुनाची केस, आणि एकदा पाहिलेलं काहीच न विसरणारा सहायक.

३. एलियन क्ले (पुन्हा चायकोव्स्की): सरकारला नकोसा झालेला शास्त्रज्ञ शिक्षा म्हणून परग्रहावर.

जिंकली ‘द टेंटेड कप’. माझा नंबर एक हरला, तरी निकालावर माझा राग नाही. का, ते मोजणीची पद्धत पाहिली की कळेल.

मत वाया जात नाही

ह्यूगोचं मतदान वर्ल्डकॉन या संमेलनाचे सभासद करतात. सभासदत्वाला पैसे पडतात. सभासद एकाच पुस्तकावर शिक्का मारत नाहीत, तर १, २, ३ असा क्रम लावतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील, तर तळाचं पुस्तक बाद होतं आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. बहुमत मिळेपर्यंत हेच चालतं. मी मतदार असतो आणि ‘सर्व्हिस मॉडेल’ बाद झालं असतं, तर माझं मत ‘द टेंटेड कप’ला गेलं असतं.

नामांकनाची पद्धत वेगळी. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून एकसारखी यादी भरली आणि अंतिम यादीतल्या बऱ्याच जागा बळकावल्या. म्हणून २०१७ पासून नियम बदलला. आता प्रत्येक मतपत्रिकेला एका विभागात एकच गुण असतो आणि तो तिच्यातल्या पुस्तकांत वाटला जातो. त्यामुळे गठ्ठ्याने भरलेल्या याद्यांचा जोर बराच कमी होतो.

अल्गोरिदम चोख, पण माणसं?

खरी गडबड झाली २०२३ मध्ये, चीनमधल्या चेंगडूला. आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ला नेब्युला मिळाला होता, पण ह्यूगोच्या अंतिम यादीत ती नव्हतीच. जानेवारी २०२४ मध्ये आकडे बाहेर आले, तेव्हा तिच्यापुढे फक्त ‘अपात्र’ असं लिहिलेलं होतं. कारण दिलं नव्हतं. फेब्रुवारीत फुटलेल्या ईमेल्समधून कळलं, की चीनला खटकेल असं काही आहे का, म्हणून आयोजकांपैकी काही जण लेखकांची आणि लिखाणाची छाननी करत होते.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर सॉर्टिंगचा कोड बरोबर होता, पण त्याआधी कुणीतरी हाताने डेटातली रांगच उडवली. मग निकाल कितीही अचूक मोजा, उपयोग शून्य!

पुढच्या वर्षी ग्लासगोच्या टीमने उलटं केलं. ३,८१३ पैकी ३७७ मतं बनावट वाटली, ती बाद केली आणि निकाल लागायच्या आधीच ते जाहीर केलं. खुणा काय, तर एकाच आडनावाचं फक्त पहिलं अक्षर ओळीने बदललेले मतदार! ही मतं ज्याला मिळाली होती, तो त्यांच्या जोरावर जिंकला असता. पण त्यात त्याचा हात असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याचं नाव उघड केलं नाही आणि त्याला स्पर्धेतूनही काढलं नाही.

काटछाट दोन्हीकडे झाली. फरक इतकाच, की एकीकडे कारण सांगितलं आणि दुसरीकडे लपवलं.

आपल्याकडचं उदाहरण

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं.

तेव्हा ‘या वर्षीची टॉप १०’ अशी यादी मोबाईलवर आली, की पुस्तक मागवायच्या आधी तीन प्रश्न विचारा: मतं कुणी दिली, मोजली कशी, आणि काय गाळलं ते सांगितलंय का? तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर ती यादी नुसती जाहिरात म्हणून वाचा.

बाकी माझा नंबर एक अजूनही ‘सर्व्हिस मॉडेल’च. तुमचा क्रम काय?