आतबट्ट्याचा खेळ आणि मालकाचा हिशेब

मैदानाचा ताळेबंद : साप्ताहिक स्तंभ
इंदिरानगर, नाशिक

मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबमधील आपला ६५ टक्के हिस्सा सोडून देत असल्याचे सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि क्लबची मालकी पुन्हा अभिनेते रणबीर कपूर व सनदी लेखापाल बिमल पारेख या मूळ मालकांकडे गेली. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हा हिस्सा घेतला, तेव्हा मुंबई हा त्याच्या जगभरच्या गोतावळ्यातील आठवा क्लब ठरला होता. पुढच्या काळात मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचे साखळी विजेतेपद २०२०-२१ आणि २०२२-२३ मध्ये, तर चषक २०२०-२१ आणि २०२३-२४ मध्ये पटकावला. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळवला. मैदानावर इतके पदरात पडत असताना जगातला एक धनाढ्य समूह गाशा गुंडाळतो, तेव्हा ‘तोटा झाला म्हणून गेले’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही, कारण हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे घेणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तोटा अटळ का असतो, हे साध्या गुणाकाराने कळते. मुंबई सिटीचे घरचे मैदान अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात, म्हणजे महापालिकेच्या जागेत असून तिथली आसने सात-आठ हजारांच्या घरात आहेत. २०२४-२५ च्या हंगामात लीगमध्ये तेरा संघ असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला घरचे बारा सामने आले. प्रत्येक सामन्याला सात हजार प्रेक्षक आले आणि प्रत्येकाने सरासरी तीनशे रुपये मोजले, असे उदारपणे गृहीत धरले तरी वर्षाचा गल्ला अडीच कोटींच्या किंचित वर जातो. आणि त्यातून मैदानाचे भाडे, दिव्यांची वीज, बंदोबस्त, संघाचा देशभरचा विमानप्रवास व हॉटेलांची बिले भागवल्यावर खेळाडूंच्या मानधनाला हात घालण्याइतके फारसे काही उरत नाही. बाकीचे उत्पन्न प्रायोजकांकडून, प्रक्षेपणाच्या हक्कांतून लीग वाटून देते त्या हिश्श्यातून आणि खेळाडू दुसऱ्या क्लबला देताना मिळणाऱ्या हस्तांतरण रकमेतून यावे अशी अपेक्षा असते. युरोपात या तीन पायांवर क्लब उभे राहतात. भारतात तिन्ही पाय अजून लुळे आहेत.

हस्तांतरणाचा हिशेब वरवर पाहणाऱ्याला चकवतो, म्हणून तो समजून घेतलेला बरा. समजा तीन वर्षांच्या करारावर दीड कोटी देऊन एक खेळाडू आणला, तर ती रक्कम एकदम खर्ची न टाकता कराराच्या तीन वर्षांत विभागली जाते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात खर्च दिसतो पन्नास लाखांचा आणि उरलेले कोटीभर रुपये ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतात. उलट स्वतःच्या अकादमीत घडवलेला खेळाडू विकला, तर आलेली जवळजवळ सगळी रक्कम त्याच वर्षीचा नफा ठरते. केवळ एका वर्षाचा आकडा दाखवून ‘क्लब सुधारला’ किंवा ‘क्लब बुडाला’ म्हणणाऱ्याच्या बोलण्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

खरा प्रश्न तोटा किती हा नसून तो कोणी, कोणत्या खात्यातून आणि कशाच्या बदल्यात भरून काढला, हा आहे. तूट भरण्याचे मुख्य मार्ग तीन. मालक नवे भागभांडवल घालतो, तेव्हा पैसा क्लबचा होतो आणि तो परत मागता येत नाही. तोच पैसा बिनतारणी कर्ज म्हणून दिला, तर मालकाचे मन फिरल्यावर क्लबच्या मानगुटीवर देणे बसते. आणि मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने प्रायोजक होऊन दिला, तर तो क्लबच्या उत्पन्नात जमा होऊन तूट मुळात होती त्याहून लहान दिसते. हा शेवटचा प्रकार ‘संबंधित पक्षांचे व्यवहार’ या शीर्षकाखाली, वार्षिक हिशेबाच्या अगदी शेवटच्या टिपांमध्ये नोंदवावा लागतो. क्लबचे अर्थकारण समजून घेऊ पाहणाऱ्याने हिशेब मागून पुढे वाचावा तो याचसाठी.

‘हे सगळे कर वाचवण्यासाठी चालते’ हा पारावरचा आवडता निष्कर्षही तपासून पाहण्याजोगा आहे. भारतात प्रत्येक कंपनीवर स्वतंत्रपणे आयकर लागतो, समूहावर एकत्रित नाही. त्यामुळे क्लब चालवणाऱ्या कंपनीचा तोटा पोलादाच्या किंवा बांधकामाच्या कंपनीच्या नफ्यातून वजा करता येत नाही, तो आठ वर्षांपर्यंत पुढे ओढून क्लबच्याच भावी नफ्यातून वळता करावा लागतो, आणि तो नफा तर कधी उगवतच नाही. मात्र मूळ कंपनीने जर्सीवर नाव झळकवण्यासाठी दिलेली वाजवी रक्कम जाहिरातीचा खर्च म्हणून मान्य होते. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते, त्यात खेळांचे प्रशिक्षण बसते, पण हा खर्च आयकरात वजावटीला पात्र नसतो. एकाच समूहाचा वरिष्ठ संघ एका कंपनीत, मुलांची अकादमी न्यासात आणि जर्सीवरचे नाव तिसऱ्याच कंपनीच्या जाहिरात खर्चात, अशी मांडणी कुठे दिसली तर ती का, याचा उलगडा इथे होतो. त्यात बेकायदा काही नाही. पण ‘खेळावरील निस्सीम प्रेम’ हे तिचे पूर्ण वर्णनही नव्हे.

महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की क्लबचे आयुष्य गुणतक्त्यावर नव्हे, तर मालकाच्या मूळ धंद्यावर आणि मर्जीवर ठरते. महिंद्रा म्हटले की नाशिककराला सातपूरचा कारखाना आठवतो, परंतु याच कंपनीचा फुटबॉल संघ १९६२ पासून मुंबईत खेळत होता आणि महिंद्रा युनायटेड या नावाने त्याने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने तो संघ बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे मोर्चा वळवला. कंपनी अडचणीत नव्हती. तिचे प्राधान्य बदलले, एवढेच.

पुण्याची कथा याहून बोलकी आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता आणि दोनच वर्षांनी त्याचा वरिष्ठ संघ थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये, म्हणजे बांधकाम व्यवसायातला त्यांचा समूह ठेवीदारांच्या तक्रारींनी घेरला गेला त्याच वर्षी, राष्ट्रीय पटावरून नाहीसा झाला. आणि वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, ज्या वर्षी त्या कुटुंबाची दिवाण हाउसिंग ही गृहकर्ज कंपनी देणी थकवू लागली. पाच वर्षांत एका शहराचे चार क्लब गेले. बालेवाडीच्या प्रेक्षकाने यांतल्या एकाही मालकाच्या मूळ कंपनीचा ताळेबंद पाहिला नसावा, आणि पाहायला हवा होता तो नेमका तोच.

एफसी पुणे सिटीच्या जागेचे पुढे जे झाले, त्यातून लीगच्या मांडणीवर चांगला प्रकाश पडतो. ती जागा हैदराबाद एफसीला मिळाली. त्या क्लबवर थकलेल्या पगारांची नामुष्की आली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये तोच क्लब नाव बदलून दिल्लीला हलला. फ्रँचायझी याचा अर्थ हाच, की मालकाकडे असतो तो लीगमध्ये खेळण्याचा परवाना. शहर, मैदान आणि प्रेक्षक हे त्या परवान्याचे बदलता येण्याजोगे भाग ठरतात. पुण्यात ज्यांनी नारिंगी जर्सी विकत घेतल्या, त्यांचा या व्यवहारात कुठेच उल्लेख नव्हता.

सिटी फुटबॉल ग्रुपचा हेतूही याच प्रकाशात वाचला पाहिजे. अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांचे नियंत्रण असलेल्या या समूहात अमेरिकेच्या सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीने दहा टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा ५० कोटी डॉलरला घेतला, तोही नोव्हेंबर २०१९ मध्येच, मुंबईचा सौदा जाहीर झाला त्याच आठवड्यात. अशा गुंतवणूकदाराला वर्षाच्या नफ्याची घाई नसते. समूहाचे एकूण मूल्य वाढावे आणि योग्य वेळी हिस्सा चढ्या भावाने विकता यावा, हा त्याचा हिशेब असतो, आणि जगाच्या नकाशावर रोवलेला प्रत्येक नवा झेंडा, विशेषतः भारतासारख्या बाजारपेठेतला, त्या मूल्याला हातभार लावतो. शिवाय माणसे आणि माहिती एका क्लबकडून दुसऱ्याकडे फिरवता येतात. मुंबईला विजेतेपदे मिळवून देणारे देस बकिंगहॅम आणि पेत्र क्रॅटकी हे दोन्ही प्रशिक्षक याच समूहाच्या मेलबर्न सिटीतून आले होते. असा मालक भावनेने कमी बांधलेला असतो खरा, पण त्याचे गणित निदान उघड असते आणि म्हणून त्याच्या जाण्याची चिन्हे आधी वाचता येतात.

ती चिन्हे लीगच्या हक्कांत होती. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले होते. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत असताना महासंघाने नव्याने निविदा काढली, तिला नोव्हेंबरची मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही, आणि २०२५-२६ चा हंगाम होणार की नाही हेच अधांतरी राहिले. परवान्यापलीकडे हातात काही नसलेल्या मालकासाठी परवान्याचीच शाश्वती संपली. समूहाने जाताना लीगच्या अनिश्चिततेचेच कारण दिले, आणि ते न मानण्यासारखे काही नाही.

गोव्यातल्या खाणमालक घराण्यांचा हेतू निराळा होता. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो आणि साळगावकर हे क्लब घराण्याच्या नावानेच खेळत, त्यामुळे संघाची हार ही घराची अब्रू असे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्यावर नाराज होऊन दोघेही आय-लीगमधून बाहेर पडले. दोन घटनांचा परस्परसंबंध कोणी कितीही जोडो वा तोडो, दोघांनी क्लब मात्र मोडले नाहीत, ते गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले आणि धेंपो पुढे आय-लीगमध्ये परतलाही.

मालक नावाची व्यक्तीच नसलेले फुटबॉल पाहायचे तर कोल्हापूर गाठावे लागते. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे कंपन्यांची नव्हेत, पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर या संघांच्या सामन्याला तिकीट काढून जी गर्दी लोटते, तिचा हेवा सुपर लीगच्या संघांनी करावा. तिथले पैसे वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून आणि पुढाऱ्यांकडून येतात, आणि पुढाऱ्यांचा हेतू शोधायला हिशेबाच्या टिपा वाचाव्या लागत नाहीत, कारण सतेज चषक, चंद्रकांत चषक अशा स्पर्धांच्या नावांतच तो लिहिलेला असतो. या पद्धतीत हुल्लडबाजी आहे, ईर्ष्या आहे, निवडणुकीचा वासही आहे. पण एक पुढारी हात आखडता घेतो तेव्हा दुसरा पुढे येतो आणि पेठ उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. टिकाऊपणाच्या कसोटीवर कोल्हापूरने पुण्याला केव्हाच मागे टाकले आहे.

नाशिकमध्ये उद्या एखाद्या बांधकाम व्यावसायिकाने किंवा उद्योगसमूहाने क्लब जाहीर केला, तर शहराने पुष्पगुच्छ देण्याआधी कागद मागावेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून कोणत्याही नोंदणीकृत कंपनीची दाखल कागदपत्रे पाहता येतात. इंदिरानगरात बँकांतून निवृत्त झालेल्या आणि ताळेबंद वाचण्यात हयात घालवलेल्या मंडळींची वानवा नाही. क्लबच्या कंपनीबरोबर मूळ कंपनीचेही तीन वर्षांचे हिशेब त्यांनी पाहावेत, भांडवल किती आणि मालकाचे कर्ज किती ते वेगळे काढावे. महापालिकेने कोणतेही सार्वजनिक मैदान अशा क्लबला देताना पाच वर्षांच्या खर्चाची बँक हमी आणि क्लब शहराबाहेर न नेण्याची अट करारात घालावी. ज्या मालकाला ही अट जाचक वाटेल, त्याला मैदान देऊ नये.