मनाची फारकत

‘रात्री मी काय केले, ते मला आठवत नाही’ असे मद्यपी गृहस्थ सकाळी ओशाळ्या चेहऱ्याने सांगतो, तेव्हा घरची माणसे ती निव्वळ सबब म्हणून झिडकारतात आणि तो स्वतः मात्र तीच आपली माफी समजून संध्याकाळपर्यंत निश्चिंत होतो. या दोन्ही समजुती माझ्या मते सारख्याच घातक आहेत.

रिकाम्या पोटी, घाईघाईने घेतलेले मद्य रक्तात झपाट्याने चढले, म्हणजे ताज्या अनुभवाचे टिकाऊ स्मृतीत रूपांतर करणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आपले काम थांबवतो. माणूस बेशुद्ध नसतो. तो चालतो, बोलतो, भांडतो, प्रसंगी मोटारही हाकतो. परंतु कचेरी उघडी असून कारकूनच गैरहजर असावा, तद्वत त्या कारभाराची दप्तरात नोंदच होत नाही, आणि जी नोंद झालीच नाही, ती सकाळी दरडावून विचारल्याने सापडत नाही.

या विस्मृतीहून निराळी, पण तिच्याशी नाते सांगणारी एक अवस्था आहे, जिला मानसोपचारतज्ज्ञ डिसोसिएशन म्हणतात आणि आपण मनाची फारकत म्हणू शकतो. पिएर जाने या फ्रेंच विद्वानाने १८८९ साली आपल्या ग्रंथात तिची सविस्तर मीमांसा केली. असह्य आघाताखाली मन स्वतःच्याच अनुभवापासून तुटते. आपण आपल्याला दुरून पाहत आहोत, भोवतालचे जग काचेपलीकडचे आहे, असे वाटू लागते, आणि त्यासाठी मद्याचा थेंबही लागत नाही. लहानपणी ज्यांनी मारहाण वा अत्याचार सोसला, अशांपैकी कित्येकजण पुढे हेच दूर जाणे बाटलीतून मिळवू पाहतात. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरही चैनीसाठी नव्हे, तर वकिलीची सनद गेल्याच्या अपमानाची वेदना बुडवण्यासाठीच पहिला प्याला ओठांना लावतो. त्याच्या अधःपाताने आपण शतकभर हळहळलो. त्या वेदनेचा विचार मात्र फारसा केला नाही.

अर्थात वेदना ही गुन्ह्याची सनद नव्हे. स्वेच्छेने नशा करणाऱ्यास शुद्धीतल्या माणसाइतकेच ज्ञान होते, असे १८६० च्या दंडसंहितेने गृहीत धरले. आणि लग्नाच्या जेवणावळीत बाजूला सरकण्यास नकार देणाऱ्या कोवळ्या मुलाला मद्याच्या अंमलाखाली गोळी घालणाऱ्या निवृत्त जमादाराची कैफियत सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली फेटाळली, ती योग्यच होती.

म्हणून माझे आग्रहाचे मागणे असे, की व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या प्रत्येकास, तो किती पितो या प्रश्नाबरोबरच, मद्य घेतलेले नसतानाही आपण आपल्यापासून तुटल्यासारखे वाटते काय, आणि केव्हापासून, हेही विचारले जावे. मद्य थांबल्यावर दडलेली फारकत उफाळून येऊ शकते. शिवाय जुने व्यसन एकाएकी सोडल्यास आकडी वा भ्रम होण्याचा धोका असल्यामुळे हे काम वैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. घरच्यांनी रात्रीची हकिगत त्याला, तो पूर्ण शुद्धीवर असताना, आवाज न चढवता सांगावी. आठवण त्याच्यापाशी नसली तरी जबाबदारी त्याचीच आहे, हे त्याने ऐकले पाहिजे. आणि तो कशापासून पळतो आहे, हे आपणही ऐकून घेतले पाहिजे.