दुपटीच्या आधीची एकादशी

परवा आषाढी एकादशीला दुपारी ऑफिसात डबे उघडले. टेबलभर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी. माझ्या डब्यात मात्र दोन पोळ्या, दोडक्याची भाजी आणि मटकीची उसळ. शेजारच्या मैत्रिणीनं डोकावून विचारलं, "अगं, तुझा उपास नाही?" मी नाही म्हटलं. तेवढ्यात कुणीतरी खिचडी पुन्हा वाढून घेताना दरवर्षीचं वाक्य म्हणालंच, "एकादशी अन् दुप्पट खाशी!" सगळे हसले.

मला त्या म्हणीबद्दल बोलायचं आहे. आपण ती थट्टेनं म्हणतो, पण खाण्यावरचा ताबा सुटण्याचा त्रास असलेल्यांच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे. आपण हसतो मात्र चुकीच्या अर्ध्या भागाला. दुपटीला हसतो, खाणाऱ्याला नावं ठेवतो आणि त्याआधीच्या एकादशीकडे कुणी बघतच नाही. मी स्वतःसुद्धा वीस वर्षं बघितलं नाही.

माझा दिवस असा असायचा. सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन डोंबिवलीहून लोकल पकडायची. दुपारी काकडी, टोमॅटो आणि ताक. संध्याकाळी चारला कुणी समोसे आणले तर मान वळवायची. घरी आल्यावर सगळ्यांना गरम पोळ्या वाढायच्या, स्वतः अर्धी खायची. साडेदहाला घर निजलं की मी स्वयंपाकघरात यायचे. चिवड्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण फार घट्ट होतं. आवाज होऊ नये म्हणून डबा पोटाशी धरून मी ते अंगठ्यानं एकेका बाजूनं उचलायचे आणि ओट्यावर न ठेवता घडी घातलेल्या फडक्यावर ठेवायचे. चिवडा संपला की मुलांची बिस्किटं, मग उरलेल्या पोळ्यांना तूप-साखर, मग डब्याच्या तळाशी राहिलेला शंकरपाळ्यांचा चुरा. सगळं उभ्यानं आणि भराभर. चव कशाचीच लागायची नाही. पोट दुखायला लागलं की थांबायचे. बिस्किटांचे रिकामे पुडे कचऱ्याच्या डब्यात दुधीच्या सालींखाली दडपायचे. आणि अंथरुणावर पडताना ठरवायचे, उद्यापासून अगदी कडक. म्हणजे उद्या पुन्हा एकादशी.

आमची आजी याला भस्म्या म्हणाली असती. डॉक्टर याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली अशा खाण्याचं वर्णन केलं होतं. स्वतंत्र आजार म्हणून तो अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आला थेट 2013 मध्ये. खुणा साध्या आहेत. ठरावीक वेळात, साधारण दोनेक तासांत, कुणीही खाईल त्याहून कितीतरी जास्त खाल्लं जातं आणि त्या वेळी आपल्याला थांबता येत नाही असं वाटतं. भूक नसताना खाणं, भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकटं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं. असं आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने होत असेल तर ते खादाडपणाच्या खात्यात टाकून चालत नाही. त्याला उपचार लागतात. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा रडले होते. माझ्या रात्रीच्या स्वयंपाकघरात कुणीतरी येऊन गेलं होतं आणि तरीही त्यानं मला वाईट म्हटलं नव्हतं.

आता एकादशीकडे येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी उपासमारीचा एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले 36 निरोगी तरुण त्यात आपणहून सामील झाले. त्यांना 24 आठवडे निम्म्याच्या आसपास अन्न मिळालं, दिवसाला साधारण 1,570 कॅलरी. वजन जवळजवळ चतुर्थांशानं उतरलं. पण त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, जेवण लांबवत राहायचे, ताटल्या चाटायचे. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यांतले काही जण अफाट खात सुटले आणि तरी तृप्त होईनात. मनानं आणि शरीरानं धडधाकट म्हणून पारखून घेतलेली ही माणसं होती. 1,570 हा आकडा मी दोनदा वाचला, कारण माझ्या हातात ठेवल्या गेलेल्या कितीतरी डाएटच्या कागदांवर याहून कमी कॅलरी होत्या.

दुसरा प्रयोग 1975 सालचा, पीटर हरमन आणि डेबोरा मॅक यांचा. काही मुलींना आधी मिल्कशेक दिलं, काहींना दिलं नाही. मग सगळ्यांना चव पाहायच्या निमित्तानं आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिक आहे. सतत मन मारून खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. कारण त्यांच्या लेखी उपास मोडला होता आणि मोडलाच आहे तर आता काय उरलं? हे मराठी घरात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. चुकून भाताचं शीत तोंडात गेलं तरी "गेला उपास" म्हणणारी माणसं आपण.

शेवटी मी उपचार घ्यायला गेले, तेव्हा माझ्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत मला वजनकाट्यावर उभं केलं नाही. त्यांनी विचारलं, "सकाळी काय खाता?" मग वही घालून दिली. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी घडवलेली ही पद्धत आहे. दिवसातून तीन जेवणं आणि दोन छोटी खाणी, दोहोंमध्ये चार तासांहून जास्त अंतर नको, आणि जे खाल्लं ते लगेच लिहायचं. आधी वेळ सावरायची, काय आणि किती हा प्रश्न नंतर. मी घाबरून गेले. पाच वेळा खाऊन वजन कसं उतरणार? त्या म्हणाल्या, "आत्ता तुम्ही सहाव्या वेळी जे खाता, ते आधी थांबू द्या."

मग माझ्या घरात कॅलेंडरचा उपयोग बदलला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत आम्ही दुधाचा हिशेब लिहायचो. आता तिथं मी माझा आकडा लिहिते. पाचांपैकी किती खाणी वेळेवर झाली तेवढाच. आठचे पोहे किंवा उपमा, अकराला फळ, दीडला पोळी-भाजी-उसळ, पाचला चणे-शेंगदाणे, रात्री नऊच्या आत वरण-भात-भाजी. लोकलला उशीर झाला तर पिशवीत दाण्याचा लाडू असतो. वजन रोज बघत नाही, आठवड्यातून एकदाच बघते.

हुरूप टिकवायचा कसा, असं अनेक जण विचारतात. माझ्या अनुभवात हुरूप आकड्यावर टांगला की आकड्याबरोबरच खाली येतो. काटा पाळीच्या दिवसांत वर जातो, लग्नाच्या जेवणानंतर वर जातो, कधी काहीच न करता वर जातो. त्याच्या भरवशावर राहिलेला माणूस दर पंधरा दिवसांनी खचतो. माझ्या हातात काटा नाही, माझ्या हातात सकाळचे पोहे आहेत.

आणि खरी परीक्षा त्या पोह्यांचीच असते. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी भरल्या घरात कुणीतरी माझ्या दंडाला हात लावून "जाडी झालीस गं" म्हणालं. त्या रात्री चकलीचा डबा संपला. सकाळी उठले तेव्हा पोट जड, डोळे सुजलेले, आणि सगळं अंग एकच गोष्ट सांगत होतं की आज काही खायचं नाही, भरपाई करायची. ओट्याशी उभं राहून मी अर्धी वाटी पोहे भिजवले. हात थरथरत होते. खाताना वाटत होतं की मी स्वतःला माफ करते आहे आणि माफीची माझी लायकी नाही. तरी खाल्ले. कॅलेंडरवर त्या दिवशी पाच लिहिले. ताबा सुटलेल्या रात्रीनंतरची ती न्याहारी हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात कष्टाचा व्यायाम आहे. तीच चुकवली तर पुढची रात्र ठरलेली. ती खाल्ली की साखळी तिथं तुटते. आधी माझ्या आठवड्यातून चार रात्री बिघडायच्या. आता महिन्यातून एखादी बिघडते.

वजनाबद्दल खरं सांगायला हवं. या उपचारानं ताबा परत येतो, वजन लगेच भरभर उतरतं असं नाही. माझं 84 किलोवरून 78 वर यायला चौदा महिने लागले. रोजचं अर्धा तास चालणंही त्यात आलं. ऐकायला हे फार थोडं वाटतं. पण अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यात एका गटापुढे वजन 7 टक्के उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 84 चे 7 टक्के म्हणजे सहा किलोदेखील नाहीत. माझी साखर उंबरठ्यावर होती, म्हणून हे सहा किलो मला फार मोलाचे आहेत.

हे वाचून कुणाला स्वतःची रात्र आठवली असेल तर एवढंच सांगते. नवा डाएट सुरू करू नका, आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर आजच बोला, त्यात हृदयाला धोका असतो. कुठं जावं कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनो, डब्यांवर पाळत ठेवू नका. ताटावर बसलेल्याला किलो विचारू नका. त्याच्याबरोबर बसून जेवा.

माझ्याकडून उपास सुटला याचं मला अजूनही वाईट वाटतं. आषाढीचा उपास मी लहानपणापासून केला होता. समुपदेशक बाईंनी निदान काही वर्षं कुठलाच उपास नको म्हटलं, तेव्हा आईला कसं सांगायचं याचीच धास्ती होती. आईनं माझं हे खाणं इतकी वर्षं खादाडपणा म्हणूनच पाहिलं होतं. "मन घट्ट कर" यापलीकडे ती कधी काही बोलली नव्हती.

परवा पहाटे मी ओट्याशी गेले तर ती माझ्या आधी उठलेली. एका शेगडीवर तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी होती, दुसऱ्या शेगडीवर तवा. ती माझ्या पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "आई, अगं एकादशीला तू कशाला पोळ्या..." तिनं तव्यावरची पोळी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजारी माणसाला उपास नसतो."

वीस वर्षांत माझ्या आजाराला घरात कुणी पहिल्यांदाच आजार म्हटलं होतं. मी डबा भरला, आणि भिंतीवर लाल अक्षरांत एकादशी छापलेल्या चौकटीत रात्री पाच लिहिले.