बोलण्याच्या उपचाराची मात्रा

लकव्याचा झटका येऊन गेलेल्या माणसाची विचारपूस हातापायांपासून सुरू होते. हात वर जातो का, धरून चालतात का, फिजिओथेरपीवाला रोज येतो का. बोलण्याचा विषय निघाला की मात्र 'येईल हळूहळू' म्हणून सगळेच सुटका करून घेतात. नातेवाईक तर घेतातच, पुष्कळदा डॉक्टरही घेतात. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण तीन रुग्णांपैकी एकाची भाषा बिघडलेली असते. याला अफेझिया किंवा वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो, त्यामुळे वाचाघाताबरोबर शरीराची उजवी बाजूही लुळी पडलेली असण्याची शक्यता मोठी. मग घरचे पाटी-पेन्सिल आणून देतात, 'बोलता येत नसेल तर लिहून दाखवा' म्हणतात, आणि तेही जमत नाही हे पाहून घाबरतात. ते जमणार नसतेच, कारण नुकसान जिभेचे झालेले नाही, भाषेचे झालेले आहे. बोलणे, ऐकून समजणे, वाचणे, लिहिणे या सगळ्यांना कमीअधिक झळ लागलेली असते. या नुकसानीवर उपचार आहे. त्याबद्दल गेल्या दहा वर्षांत बरेच भक्कम संशोधन झाले आहे आणि त्यातून दोन गोष्टी पुढे येतात. एक, झटक्याला महिने उलटल्यावरही सुधारणा होऊ शकते. दुसरी, ठरावीक प्रमाणाच्या खाली दिलेल्या उपचारातून फारसे काही हाती लागत नाही. आणि आपल्याकडे ज्याला स्पीच थेरपी मिळते, त्यालाही ती बहुधा या कमी प्रमाणातच मिळते.

आधी एक गैरसमज बाजूला केला पाहिजे, कारण उपचाराकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे मूळ तिथेच आहे. वाचाघात झालेला माणूस आरती सगळी म्हणतो, पाढे म्हणतो, रागाच्या भरात खणखणीत शिवीही देतो, पण पाणी हवे असेल तर 'पाणी' म्हणू शकत नाही. हे पाहून कुणी म्हणते की तो ढोंग करतो, कुणी म्हणते की डोक्यावर परिणाम झाला. दोन्ही चूक. वर्षानुवर्षे घोकून अंगवळणी पडलेले बोलणे आणि त्या क्षणी मनात आलेले सांगण्यासाठी शब्द शोधून जुळवणे या मेंदूच्या दृष्टीने वेगळ्या क्रिया आहेत. पहिली पुष्कळदा शाबूत राहते. बुद्धीचे म्हणाल, तर सोव्हिएत संगीतकार विसारिओन शेबालिन यांचे उदाहरण पुरेसे आहे. १९५९च्या दुसऱ्या झटक्यानंतर त्यांची भाषा फार बिघडली, समोरच्याचे बोलणे नीट उमगेना, वस्तूंची नावे आठवेनात. तरी त्यांनी पाचवी सिम्फनी पूर्ण केली. अलेक्सांद्र लुरिया या मेंदूशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९६५ साली हे प्रकरण शोधनिबंधात मांडले. आपल्या घरातल्या आजोबांकडून कुणी सिम्फनी मागत नाही. पण त्यांना सगळे कळते आणि तरी सांगता येत नाही, एवढे ओळखले तरी त्यांच्यासमोर त्यांच्याचविषयी तिऱ्हाइतासारखे बोलणे थांबेल.

हा त्रास किती खोल जातो याचा एक मोठा पुरावा कॅनडातून आला. ओंटारिओ प्रांतातल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थांमधील ६६ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासून २०१० साली संशोधकांनी पाहिले की कोणत्या आजाराचा जगण्याच्या गुणवत्तेवर सर्वांत वाईट परिणाम दिसतो. कर्करोग आणि अल्झायमर दोघांनाही मागे टाकून वाचाघात पहिला आला.

आता उपचाराच्या पुराव्याकडे. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात ५७ चाचण्या आणि तीन हजार रुग्ण एकत्र पाहिले गेले, आणि भाषेच्या उपचारामुळे रोजच्या व्यवहारातले संभाषण, वाचन, लेखन यांत फरक पडतो असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये जर्मनीतल्या १९ केंद्रांवरची चाचणी आली. माझ्या मते ती प्रत्येक न्यूरॉलॉजिस्टने रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगण्यासारखी आहे. त्यातल्या १५६ रुग्णांच्या झटक्याला किमान सहा महिने होऊन गेले होते. म्हणजे आपल्याकडे ज्यांना 'आता जेवढे यायचे तेवढे आले' असे सांगून परत पाठवतात, तेच हे लोक. त्यांना तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा त्याहून जास्त उपचार दिले गेले. रोजच्या प्रसंगांतले त्यांचे बोलणे सुधारले, आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा ती सुधारणा टिकून होती. उपचारासाठी थांबून राहिलेल्या गटात मात्र काही बदल झाला नाही. मग २०२२ साली आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या एका गटाने २५ चाचण्यांतल्या ९५९ रुग्णांची वैयक्तिक माहिती एकत्र केली आणि थेट मात्रेचाच प्रश्न विचारला: एकूण किती तास, आठवड्याला किती तास, किती दिवस? भाषेत एकूण आणि आकलनात सर्वाधिक सुधारणा २० ते ५० तासांच्या उपचाराशी जोडलेली दिसली. आकलनाच्या बाबतीत निकाल फार स्पष्ट होता. एकूण वीस तासांपर्यंतच, आठवड्याला तीन तासांपेक्षा कमी किंवा तीनच दिवस उपचार मिळालेल्यांत सुधारणेचा पुरावाच सापडला नाही. उपचार रुग्णाच्या रोजच्या गरजांशी बेतलेला असेल आणि सोबत घरी करायचा सराव नेमून दिलेला असेल, तर फायदा सर्वांत जास्त.

हे आकडे आपल्या परिचित रीतीशेजारी ठेवून पाहा. आठवड्यातून एक फेरी, त्यात अर्धा तास. या गतीने वीस तास पुरे व्हायला चाळीस आठवडे लागतात, आणि आठवड्याची किमान मात्रा तर कधीच गाठली जात नाही. लांबून रिक्षा करून येणारे कुटुंब, सोबतीला रजा काढणारा मुलगा, प्रत्येक वेळची फी हे सगळे धरले तर चार-सहा फेऱ्यांनंतर येणे थांबते यात नवल नाही. मग घरात वाक्य तयार होते: 'स्पीच थेरपी करून पाहिली, काही उपयोग झाला नाही.' अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन औषधाला गुण नाही म्हणावे, तसे हे आहे. फरक इतकाच की तिथे मात्रा चिठ्ठीवर लिहिलेली असते. इथे मात्रा असते हेच रुग्णाला कुणी सांगितलेले नसते.

यावर जाणकारांचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पुरावा सगळा एका दिशेने जात नाही. ब्रिटनमध्ये १७० रुग्णांवरच्या चाचणीत, २०१२ साली, पहिल्या चार महिन्यांत तज्ज्ञांकडून उपचार घेणारे आणि तेवढ्याच वेळा केवळ गप्पा मारायला येणाऱ्या माणसांचा सहवास लाभलेले, दोन्ही गट सारखेच ठरले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २४६ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या पंधरवड्यातच सुरू केलेला भरगच्च उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस निघाला नाही. त्याच दोन देशांत २१६ जुन्या रुग्णांना दोन आठवड्यांत तीस तास देऊन पाहिले, तर भाषेच्या मुख्य चाचणीतला फरक पुरेसा ठरला नाही. शब्द आठवणे, व्यवहारातले संभाषण आणि जगण्याची गुणवत्ता मात्र सुधारली. शिवाय मात्रेचा जो मोठा अभ्यास वर सांगितला, त्यात जास्त तास सहन करू शकणारे रुग्ण मुळातच अधिक धडधाकट असण्याची शक्यता उरतेच. हे सगळे मान्य करूनही माझा निष्कर्ष बदलत नाही, थोडा अचूक होतो. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आपणहून सावरत असतो आणि माणूस दमलेला असतो. तेव्हा घाईने तास कोंबण्यात अर्थ नाही. ज्या 'नेहमीच्या उपचाराशी' ऑस्ट्रेलियात तुलना झाली, तीही खरीखुरी थेरपी होती. आपल्याकडे तुलना शून्याशी आहे. म्हणून आग्रह धरायचा तो दवाखान्यातून घरी गेल्यानंतरच्या महिन्यांसाठी. नेमका तेव्हाच आपला रुग्ण व्यवस्थेच्या नजरेतून निसटतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: इतके तास द्यायला तज्ज्ञ आहेत कुठे? म्हैसूरची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, नायर रुग्णालय, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी शिक्षण मिळते, पण बाहेर पडणारे बहुतेक जण मोठ्या शहरांत राहतात आणि त्यांचा बराच वेळ लहान मुलांच्या बोलण्यात व कानाच्या यंत्रांत जातो. मग सोपी उत्तरे सुचवली जातात. घरच्यांनीच करावे, हे पहिले. भारतातल्याच १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर कुटुंबाने चालवलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली आणि २०१७ साली तिचा निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. ती चाचणी एकूण पुनर्वसनाची होती, केवळ भाषेची नव्हती. तरी चार दिवस शिकवून सगळा भार सुनेच्या किंवा बायकोच्या खांद्यावर टाकायचा आणि त्याला धोरण म्हणायचे, याविरुद्ध ती पुरेसा इशारा देते. दुसरे उत्तर मोबाइल ॲपचे. ब्रिटनमधल्या २७८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाने सहा महिने संगणकावर शब्दांचा सराव केला. सराव केलेले शब्द त्यांना चांगले आठवू लागले, पण गप्पांमध्ये ते उतरले नाहीत. म्हणजे ॲप सरावाची वही आहे, शिक्षक नाही. ते टाकून देऊ नये, त्याच्या भरवशावरही राहू नये.

मला यातून मार्ग दिसतो तो तज्ज्ञाचे काम आणि इतरांचे काम वेगळे करण्याचा. तपासणी, काय बिघडले आहे याचे निदान, उपचाराची आखणी आणि तीन-चार आठवड्यांचा एक सलग, दाट टप्पा हे तज्ज्ञाचेच काम. जिल्हा रुग्णालयात चार-पाच रुग्णांचा गट करून ते आजही बसवता येईल. त्यानंतरचा सराव घरी, पण तज्ज्ञाने नेमून दिलेला आणि तपासलेला. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे समोरच्या माणसाला शिकवणे. टोरांटोमध्ये ऑरा केगन यांनी चाळीस स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना वाचाघात असलेल्यांशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण दिले: हो-नाहीत उत्तर देता येईल असे विचारणे, एक-दोन ठळक शब्द लिहून समोर ठेवणे, चित्र काढणे, उत्तराला वेळ देणे, कळले ते पुन्हा म्हणून खात्री करून घेणे. २००१ साली आलेल्या त्यांच्या निकालात शिकलेले स्वयंसेवक तर सरस ठरलेच, पण ज्यांना काहीही शिकवले नव्हते ते रुग्णही त्यांच्याशी बोलताना अधिक चांगले व्यक्त झाले. हे शिकवायला पदवी लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, आशा कार्यकर्त्या, बँकेच्या खिडकीवरचा कर्मचारी यांना ते शिकवता येते. आणि नुसता सहवास मिळालेला ब्रिटनमधला गट उपचार घेणाऱ्यांच्या मागे पडला नव्हता, हे आक्षेप म्हणून वर आलेले तथ्यही इथे उपयोगी पडते.

पैशाचा प्रश्न उरतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचे अपंगत्व स्वतंत्रपणे नोंदले आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे. पण तिथे शब्द आहे 'कायमस्वरूपी'. नुकसान कायमचे ठरले की कायदा दखल घेतो, ते कायमचे होऊ नये म्हणूनच्या महिन्यांत रुग्णाला काय द्यायचे हे त्या व्याख्येच्या कक्षेत येत नाही. आयुष्मान भारत योजनेचा आराखडा रुग्णालयात दाखल असण्याभोवती आहे. घरी सोडल्यानंतरचा खर्च ती १५ दिवसांपर्यंतचा धरते. बोलण्याच्या उपचाराची खरी गरज सोळाव्या दिवसापासून पुढची. झटक्यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांच्या मुदतीचा प्रचार आपण करतो, तो केलाच पाहिजे. पण त्या इंजेक्शनने वाचवलेला माणूस पुढची पंधरा-वीस वर्षे घरात मुका बसणार असेल, तर तीस तासांच्या उपचाराला पॅकेज नाही म्हणणारी काटकसर कसली? आरोग्य योजनांमध्ये बाह्यरुग्ण म्हणून किमान तीस तासांचा एक टप्पा घालावा, आणि घरी सोडतानाच्या कागदावर भाषेची तपासणी झाली की नाही याचा रकाना असावा, ही मागणी अवास्तव नाही.

शेवटचा मुद्दा भाषेचाच, कारण वर सांगितलेल्या चाचण्या बहुतेक इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्यांवरच्या आहेत. हैदराबादच्या निझाम्स संस्थेत झटक्यानंतरच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची विचारशक्ती झटक्यानंतर शाबूत होती, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्हींत सारखे. म्हणजे आपल्या बहुभाषिक रुग्णाकडे विचार करण्याची ताकद अधिक शिल्लक असण्याची शक्यता आहे आणि तरी त्याचे शब्द हरवलेले आहेत. उपचाराला याहून चांगली जमीन कोणती? तो उपचार कोणत्या भाषेत द्यायचा हे मात्र परदेशी सूचीवरून ठरणार नाही. घरात अहिराणी, बाजारात हिंदी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोललेल्या माणसाला इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांवरून शब्द विचारणे फोल आहे. त्याला लागणारे शब्द नातवंडांची नावे, पेन्शन, लघवी, चहा, दुखतंय, नको हे आहेत. त्यांची यादी घरच्यांकडून पहिल्याच भेटीत करून घेता येते आणि तिला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. मुंबई-पुण्याच्या संस्थांनी अशा याद्या, बोलींनुसार तपासणीची साधने आणि गटात दिलेल्या तीस तासांची एखादी रीतसर चाचणी हाती घेतली, तर पुढच्या जागतिक आढाव्यात मराठी बोलणारे रुग्णही मोजले जातील.