पेल्यांतली समता

जपान पाहून आलेले आमचे सुशिक्षित प्रवासी तेथील 'इझाकाया'चें वर्णन करूं लागले कीं, त्यांच्या लेखणीला पूर येतो. दारावरचा तांबडा कंदील, कोळशावर भाजलेले कोंबडीचे याकितोरी, आणि एकाच बांकावर खांद्याला खांदा लावून बसलेले वरिष्ठ व कनिष्ठ! हीच खरी लोकशाही, असा निर्वाळाही ते देऊन टाकतात. तो तपासून पाहणें अवश्य आहे.

एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, दारूच्या दुकानांनीं गिऱ्हाइकाला तेथेंच बसून पिण्याची मुभा दिली. तींतून ही संस्था वाढली. लहान लहान बशा मागवून, सर्वांनीं वांटून, सावकाश खाण्याची तेथील रीत अनुकरणीय आहे, हें मी नाकारीत नाहीं. माझा आक्षेप आहे तो समतेच्या दाव्याला.

तेथील शिष्टाचार असा कीं, आपला पेला आपण भरावयाचा नाहीं, आणि वरिष्ठाच्या पेल्यावर कनिष्ठानें नजर ठेवावयाची. अशा ठिकाणीं 'नको' हा शब्द दारूला लागत नाहीं, ओतणाऱ्या हाताला लागतो. 'बुरेइको' या नांवाखालीं साहेब त्या रात्रीपुरता मानमरातब विसरण्याची परवानगी देतो. पण जी समता परवानगीनें सुरू होते आणि सकाळीं कचेरी उघडतांच संपते, तिला समता कसें म्हणावें? कोणी म्हणेल, पोटांतलें ओठांवर येण्यास एवढेंच ठिकाण आहे. मग दोष कचेरीचा आहे. शुद्धीवर असतांना जेथें खरें बोलतां येत नाहीं, त्या कचेरीला हा पेला पाठीशीं घालतो.

शिवाय जपानी लोकांपैकीं सुमारें ४० टक्क्यांच्या शरीराला मद्यापासून होणारें विष जन्मतःच नीट निपटतां येत नाहीं. त्यांना ही समता म्हणजे शिक्षाच! पिण्याच्या सक्तीला तेथें 'आरुहारा', म्हणजे मद्याचा जाच, असा शब्द रूढ झाला आहे; मद्यामुळें होणारी आरोग्यहानि रोखण्यासाठीं २०१३ सालीं कायदाही झाला. तरीही २०२२ सालीं तेथील राष्ट्रीय करखात्यानें, तरुणांत मद्याचा खप कसा वाढेल याच्या कल्पना मागविणारी स्पर्धा जाहीर केली! तरुण शुद्धीवर राहतो याची खंत कोणाला वाटते, हें यावरून कळावें.

आमच्या प्रवाशांनीं पुढच्या खेपेस एवढेंच पाहावें: ऊलाँग चहाचा पेला घेऊन त्या बांकावर बसलेल्या तरुण कारकुनाला त्याचा साहेब कारण विचारतो कीं नाहीं. विचारीत नसेल, तर त्यांनीं खुशाल लोकशाहीचे पोवाडे गावे.